पी-ईआरके आणि पी-एकेटी: महापेच्या लॅबमधून दोन बाटल्यांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असणाऱ्यांची सोय होईल: घ्या, प्रथिनावरचं फॉस्फेट ओळखणाऱ्या या दोन्ही अँटीबॉडी घ्या. फक्त डीलरच्या "सेम टू सेम आहे मॅडम"ला भुलू नका, आणि बाटली यायच्या आधी आपला फ्रीझर एकदा नीट बघून घ्या. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचावं.

रिव्ह्यू सेल सिग्नलिंग टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीच्या दोन रॅबिट मोनोक्लोनल अँटीबॉडींचा, म्हणजे ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटणाऱ्या रेणूंचा, आहे. एक फॉस्फो-ईआरकेची (म्हणजेच पी-ईआरके, फॉस्फेट लागलेलं ईआरके), क्लोन डी१३.१४.४ई, कॅटलॉग नंबर ४३७०. दुसरी फॉस्फो-एकेटीची, सेरीन ४७३ (४७३ व्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल) या जागेची, क्लोन डी९ई, कॅटलॉग नंबर ४०६०. मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कॉन्ट्रॅक्ट रिसर्च लॅबमध्ये काम करते. पेशी वाढवायच्या, ब्लॉट काढायचे (पेशीतली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उमटवायची आणि अँटीबॉडीने शोधायची), आणि परचेसचं लचांडही माझ्याच गळ्यात. म्हणजे अँटीबॉडी वापरणारी मीच आणि तिचं कोटेशन घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहणारीही मीच. त्यामुळे या रिव्ह्यूत विज्ञानाबरोबर थोडी किरकिरही येणार, चालवून घ्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे. औषध कंपन्या आपापले रेणू पाठवतात, आम्ही ते कर्करोगाच्या पेशींना देतो आणि पेशीच्या आत जाणारा 'वाढ, वाढ' हा निरोप थांबला का ते बघतो. हा निरोप आत पोचवणाऱ्या दोन मोठ्या वाटा आहेत: एक रास-राफ-मेक-ईआरके, दुसरी पीआय३के-एकेटी. निरोप चालू असला की ईआरके आणि एकेटी या प्रथिनांवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटतं. पेशीत एकूण ईआरके किती, याने आमचं भागत नाही. औषध दिल्यावर तासाभरात ते काही कमी-जास्त होत नाही. फॉस्फेट लागलेलं किती, हा खरा प्रश्न. म्हणजे अँटीबॉडीने अख्ख्या प्रथिनातला तो इवलासा फॉस्फेट ओळखायचा, फॉस्फेट नसेल तर त्याच प्रथिनाकडे ढुंकूनही बघायचं नाही, आणि जेएनके, पी३८ या चुलतभावंडांवर तशाच जागी फॉस्फेट असलं तरी तिकडे जायचं नाही. एवढं सगळं एका बाटलीकडून मागायचं म्हणजे मागणी मोठीच.

याआधी आम्ही पी-ईआरकेसाठी दुसऱ्या एका कंपनीची पॉलिक्लोनल वापरत होतो. नाव घेत नाही, कारण तिचा पहिला लॉट खरोखर छान होता. दुसरा लॉट आला आणि ४२ किलोडाल्टन वजनाच्या जागेचा बँड, म्हणजे ईआरकेची पट्टी, फिका पडला, वर ७० च्या आसपास एक आगंतुक येऊन बसला. डीलरच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, एक्सपोजर कमी करून बघा." एक्सपोजर कमी केलं, तर आगंतुक राहिला आणि ईआरके गेला. मग म्हणाला, "तुमची सेल लाइन बदलली असेल." पेशी त्याच, व्हायलही त्याच बॅचच्या. शेवटी "रिप्लेसमेंट बघतो" म्हणाला, ते अजून बघतोच आहे.

यात गूढ काही नाही. पॉलिक्लोनल म्हणजे सशाच्या रक्तातून काढलेलं अनेक अँटीबॉडींचं मिश्रण. ससा बदलला, किंवा त्याच सशाचं रक्त दोन महिन्यांनी काढलं, की मिश्रण बदलतं. मोनोक्लोनलमध्ये एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची अँटीबॉडी मिळते. केंब्रिजमध्ये क्योहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये उंदराच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संकर करून ही युक्ती साधली आणि १९८४ मध्ये त्यांना, येर्ने यांच्यासोबत, नोबेल मिळालं. पेटंट घेतलंच गेलं नाही, ही त्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाजू. (आजची कोटेशन बघितली की जास्तच आवडते.) सशाच्या मोनोक्लोनल नंतर आल्या, आणि आता तर अँटीबॉडीचं जनुकच हाताशी असतं, त्यावरून ती रिकॉम्बिनंट पद्धतीने पुन्हा पुन्हा बनवता येते, ना ससा लागत ना उंदीर. मॉन्ट्रियलच्या वायकॅरोस या गटाने २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी तपासून निकाल छापले. ज्या पेशीतून ते जनुकच काढून टाकलंय तिथे बँड दिसता कामा नये, अशी साधी पण निर्दय कसोटी होती. सरासरीने रिकॉम्बिनंटच सरस ठरल्या. साहेबांना पटवायला मला तोच पेपर कामाला आला.

तर बाटल्या आल्या. पहिला ब्लॉट ए४३१ पेशींवर घेतला. या पेशींवर ईजीएफ या वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात, त्यामुळे कसोटी बघायला त्या सोयीच्या. पहिली लेन (जेलमधला एक रकाना) रात्रभर सीरमशिवाय उपाशी ठेवलेल्या पेशींची. दुसरीत पाच मिनिटं ईजीएफ. तिसरीत ईजीएफच्या आधी यू०१२६, म्हणजे ईआरकेच्या वरच्या मेकलाच अडवणारा रेणू. इमेजरच्या पडद्यावर पहिली लेन जवळजवळ कोरी. दुसरीत दोन बँड: खालचा ४२ किलोडाल्टनचा, जाड आणि काळाभोर, वरचा ४४ चा जरा बारीक, आणि मध्ये नखाच्या कडेएवढी स्वच्छ फट. तिसरी लेन पुन्हा कोरी. वरती-खालती काही नाही, ना सत्तरला आगंतुक ना तळाशी धूर. आमच्या ज्युनिअरने फोटो काढून लगेच स्टेटसला ठेवला. (मी काढायला लावला. क्लायंटच्या कामाचा नव्हता, तरी.) ती फट दिसायला जेल मात्र दहा टक्क्यांचं घ्या आणि निळा डाय खालून बाहेर पडेपर्यंत चालू द्या, घाईत लवकर थांबवलंत तर दोन्ही बँड एकमेकांत मिसळून एकच ढेकूळ दिसेल आणि तुम्ही अँटीबॉडीला नावं ठेवाल.

एकेटीसाठी पीसी-३ आणि डीयू१४५ या प्रोस्टेटच्या दोन पेशी शेजारी शेजारी लावल्या. पीसी-३ मध्ये पीटेन हे ब्रेक लावणारं प्रथिन नसतंच, त्यामुळे तिथे एकेटी कायम चालू. डीयू१४५ मध्ये ते असतं. पीसी-३ ला ६० किलोडाल्टनवर एकच भरीव बँड, डीयू१४५ ला अगदी पुसट, आणि पीसी-३ ला पीआय३के अडवणारा एलवाय२९४००२ हा रेणू दिल्यावर बँड गायब. मेम्ब्रेनच्या जुळ्या तुकड्यावर एकूण एकेटी बघितलं तर सगळीकडे सारखं. 'जुळ्या तुकड्यावर' हे मुद्दाम लिहिलं. स्ट्रिप करून, म्हणजे आधीची अँटीबॉडी धुऊन काढून, त्याच मेम्ब्रेनवर दुसरी अँटीबॉडी लावायची काटकसर मी बंद केलीय. स्ट्रिपिंगमध्ये काय निघालं आणि काय उरलं याचा हिशोब कोणीच देऊ शकत नाही. एकाच लायसेटची (पेशी फोडून काढलेल्या रसाची) दोन जेल लावा, सुटलात.

इथवर सगळं कौतुक. पण चांगली अँटीबॉडी घेतल्याचा एक मोठा तोटा आहे, तो कोणी कॅटलॉगमध्ये लिहीत नाही: सबब उरत नाही. अँटीबॉडी वाईट असली की लॅबमध्ये सगळे सुखी असतात. बँड नाही आला? अँटीबॉडी. तीन बँड आले? अँटीबॉडी. क्लायंटला आवडला नाही? अँटीबॉडी. आता कंट्रोल लेन (जिचं उत्तर आधीच माहीत असतं ती) दरवेळी चोख येते, त्यामुळे गडबड दिसली की बोट आपल्याकडे वळतं.

पहिलं पितळ उघडं पडलं ते आमच्या लायसेटचं. पेशी इन्क्युबेटरमधून बाहेर आल्या की आतली फॉस्फटेझ एन्झाइम कामाला लागतात आणि फॉस्फेट कापत सुटतात. प्लेट बेंचवर ठेवून कोणी "एक मिनिट, फोन घेतो" म्हणालं, की गेला तुमचा पी-ईआरके. प्लेट सरळ बर्फावर, गार बफरने एक धुणं, आणि लगेच लायसिस. त्यातही फॉस्फटेझला अडवायला घालायचं सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. आमच्याकडे ते डब्यातून काढून पाण्यात विरघळवलं की झालं, असा समज होता. तसं नसतं. पीएच दहाला आणायचा, द्रावण पिवळं पडतं; उकळायचं, पिवळेपणा जातो; गार करून पीएच पुन्हा बघायचा, परत पिवळं पडलं तर परत उकळायचं. पाण्यासारखं स्वच्छ राहीपर्यंत हे चालू. तेव्हा कुठे ते टायरोसीन या अमिनो आम्लावरच्या फॉस्फेटचं रक्षण करतं. आणि एवढं करून त्याच बफरमध्ये सवयीने ईडीटीए आणि डीटीटी ओतलंत तर व्हॅनाडेट पुन्हा निकामी. सेरीन आणि थ्रिओनीन या दुसऱ्या दोन अमिनो आम्लांवरच्या फॉस्फेटसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट वेगळं घालावं लागतं. घाई असेल तर मी सरळ कढत लोडिंग बफर प्लेटमध्येच ओतते. प्रोटीन मोजता येत नाही, पण फॉस्फेट जागच्या जागी राहतं.

दुसरं प्रकरण मजेशीर. एका क्लायंटने बी-राफ (राफचाच एक प्रकार) अडवणारा रेणू पाठवला. आम्ही तो एचसीटी११६ पेशींना दिला. पी-ईआरके कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि चांगला दणदणीत वाढला. कॉलवर समोरून एकच वाक्य: "तुमची अँटीबॉडी चेक करून घ्या." जुनी पॉलिक्लोनल असती तर मी "हो सर, बघते" म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, "सर, त्याच जेलवर ए३७५ पण आहे, ती लेन बघा." ए३७५ मेलानोमाच्या पेशी, त्यांच्यात बी-राफ व्ही६००ई हा बिघाड, तिथे पी-ईआरके साफ गायब. रेणू काम करत होता आणि अँटीबॉडी खरं बोलत होती. एचसीटी११६ मध्ये बिघाड केरासचा, म्हणजे रासच्या एका प्रकाराचा, आहे. अशा पेशीत हे औषध जोडीतल्या एका राफला चिकटतं आणि दुसऱ्या राफला उलट चेव आणतं, हे २०१० पासून छापील ज्ञान आहे. कॉलवर थोडा वेळ शांतता, मग "ओके, इंटरेस्टिंग". पुढच्या ईमेलमध्ये तो आमचा 'की फाइंडिंग' झाला होता.

एकेटीचंही तसंच. एकेटीवर एटीपी हा ऊर्जेचा रेणू बसायची जी खाच असते तिथे बसणारे काही इनहिबिटर दिले की सेरीन ४७३ वरचं फॉस्फेट उलट वाढतं, कारण बंद पडलेलं एकेटी त्या रूपात अडकून राहतं आणि फॉस्फटेझला हाताशी येत नाही. बँड जाड दिसतो, काम मात्र बंद. अशा वेळी एकेटी ज्याच्यावर फॉस्फेट लावतं ते पुढचं प्रथिन बघायचं, उदाहरणार्थ प्रास४०. रॅपामायसिनसारखं, त्याच वाटेवर एकेटीच्या खाली असलेलं एमटॉरसी१ अडवणारं औषध दिलं तरी बऱ्याच पेशींत ४७३ चं फॉस्फेट वाढतं, कारण खालून वर जाणारा लगाम सुटतो. नवीन मुलांना मी एवढंच सांगते: डी९ई तुम्हाला ४७३ वर फॉस्फेट आहे की नाही ते सांगेल. एकेटी काम करतंय का, हे ती सांगत नाही, आणि एकेटी१, २, ३ पैकी कोणतं ते तर नाहीच. थ्रिओनीन ३०८ साठी वेगळी अँटीबॉडी घ्यावी लागते. ४७३ वर एमटॉरसी२ फॉस्फेट लावतं आणि ३०८ वर पीडीके१, दोन निराळे हात आहेत.

मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला (ब्लॉकिंगला) आणि अँटीबॉडी पातळ करायला दूध चालतं का, हा वाद राहिला. किराणा दुकानातली स्किम्ड मिल्क पावडर ब्लॉकिंगला उत्तम चालते, आमच्याकडे पाच टक्केच वापरतो. पण प्रायमरी, म्हणजे ही मूळ अँटीबॉडी, मात्र पाच टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं प्रथिन), टीबीएसटी या बफरमध्ये, चार अंशांवर रात्रभर. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, त्यामुळे फॉस्फो-अँटीबॉडीच्या कामात ते नसलेलं बरं. बीएसए महाग म्हणून प्रायमरीही दुधात करणारे लोक मी पाहिलेत. बँड येतो त्यांचा, पण फिका येतो, आणि मग ते अँटीबॉडी दुप्पट घालतात. बचत कुठे झाली ते मला अजून कळलेलं नाही.

आता किंमत. एका बाटलीला पाच आकडी रक्कम मोजावी लागते आणि बाटलीत असतात १०० मायक्रोलिटर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रिकामीच आली, कारण थेंब झाकणाला चिकटलेला असतो. एकदा स्पिन करा आणि मगच उघडा. पण हिशोब घाला. डेटाशीट १:२००० म्हणते, म्हणजे २०० मिलीलिटर द्रावण. मिनी ब्लॉटला ५ मिलीलिटर पुरतं, म्हणजे ४० ब्लॉट. ए४३१ सारख्या पेशींना तर पी-ईआरके मी १:४००० नेच लावते, नाहीतर बँड इमेजरवर सॅच्युरेट होतो आणि डेन्सिटोमेट्रीला, म्हणजे बँड किती गडद ते मोजण्याला, अर्थ राहत नाही. हातात पैसे कमी असतील तर २० मायक्रोलिटरची छोटी बाटलीही मिळते. डीलर ती आपण होऊन कोटेशनमध्ये घालत नाही, मागावी लागते. वापरलेलं द्रावण परत वापरायचं असेल तर त्यात ॲझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून चार अंशांवर ठेवा, पण ते ॲझाइड सेकंडरीच्या (प्रायमरीला चिकटून बँड दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीच्या) वाटेला जाऊ देऊ नका. तिच्यावरचं एचआरपी हे एन्झाइम मरतं आणि कोरा पडदा बघत बसावं लागतं. रिपोर्टला जाणाऱ्या ब्लॉटला मी ताजंच द्रावण घेते. ट्रायलला जुनं.

आपल्या भागात ही अँटीबॉडी घेणाऱ्यांनी खरी काळजी करावी ती शेवटच्या काही किलोमीटरची. आमचं एक पार्सल मे महिन्यात दुपारी आलं आणि गेटवर वॉचमनच्या टेबलाखाली संध्याकाळपर्यंत पडून होतं. जेल पॅक कोमट झालेले. डिलिव्हरीवाल्याने चलानवर सही वॉचमनचीच घेतलेली, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. द्रावणात निम्मं ग्लिसरॉल असल्यामुळे अँटीबॉडी तशी चिवट असते. कंट्रोल लेन लावून बघितली, ठीक होती. पण तेव्हापासून आमच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) 'सकाळी अकराच्या आत, लॅबच्या माणसाच्याच हातात' असं ठळक अक्षरात असतं आणि वॉचमनकाकांना माझा नंबर पाठ आहे.

फ्रीझरचं म्हणाल, तर उणे वीसला ग्लिसरॉलमुळे ही अँटीबॉडी गोठत नाही, पातळच राहते. म्हणून कंपनी अलिकॉट करू नका, म्हणजे छोट्या ट्यूबांत वाटून ठेवू नका, म्हणते. करूही नका, उगाच ट्यूबच्या भिंतीला चिकटून वाया जाते. मात्र घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर असेल तर तो बर्फ वितळवायला स्वतःला ठरावीक वेळाने गरम करतो, आणि बाटल्या तो झोका खात राहतात. साधा डीप फ्रीझर घ्या, आत मिनी-कूलर ठेवा. आमच्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते, पावसाळ्यात तर सांगूनही जात नाही. जनरेटर सुरू झाला तरी फ्रीझर त्या लाइनवर आहे का, हे एकदा स्वतः तपासा. बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर एसी असतो आणि फ्रीझर नसतो.

कोणी घेऊ नये तेही सांगते. रोजचे शंभर-दोनशे नमुने असतील तर ब्लॉटच्या नादी लागू नका, पी-ईआरकेचे प्लेटवरचे एलायझा किट बघा. आणि प्रॅक्टिकलला नुसता 'ब्लॉट कसा करतात' एवढंच दाखवायचं असेल तर ॲक्टिन या पेशीत भरपूर असणाऱ्या प्रथिनाच्या अँटीबॉडीची एक बाटली पुरे, एवढा खर्च कशाला. खारघर-कोपरखैरणे भागात पीएचडी करणाऱ्यांनी मात्र शेजारच्या लॅबमध्ये आधी विचारावं. ही दोन्ही क्लोन बहुतेक कोणाच्या तरी फ्रीझरमध्ये असतातच आणि ट्रायलपुरते दोन मायक्रोलिटर मागितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. परतफेड कंट्रोल लायसेटने करा, सगळ्यांनाच हवं असतं.

तारे: दोन्ही अँटीबॉडींना पाच. डीलरला दोन, त्यातला एक फोन उचलतो म्हणून. ऑर्डर देताना पीओवर नुसतं 'अँटी फॉस्फो ईआरके' लिहू नका, क्लोनचं नाव आणि कॅटलॉग नंबर दोन्ही लिहा, खाली 'समतुल्य चालणार नाही' असं टाका, आणि लॉट नंबर व एक्स्पायरी ईमेलवर मागवल्याशिवाय ॲडव्हान्स सोडू नका.